आवाज कोणाचा, खर्च कोणाचा

अमेरिकेत वॉरंटीतली पिकअप डीलरच्या वर्कशॉपमध्ये नेलेल्या मालकाच्या हाती परतताना एक कागद पडतो. वर त्याचीच तक्रार असते: सकाळी गाडी सुरू केली की इंजिन ठोके देतं. खाली मेकॅनिकचा शेरा: आवाज आढळला नाही. कधी शेरा असा असतो की आवाज आहे, पण या इंजिनाचा तो नेहमीचाच. रात्रभर उघड्यावर गारठलेली गाडी पहाटे खणखणीत वाजते आणि वर्कशॉपपर्यंत चालवत नेली की गरम होऊन गप्प बसते. म्हणून जाणते मालक गाडी आदल्या संध्याकाळीच डीलरकडे सोडतात आणि सकाळी मेकॅनिकला शेजारी उभं करून किल्ली फिरवतात.

इंजिन ठोकतं तेव्हा दोष इंधनाचा, कारखान्याचा की चालवणाऱ्याचा, हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. ते सुरू झालं ओहायोतल्या डेटन गावात, तेही एका बदनामीतून.

चार्ल्स केटरिंगच्या डेल्को कंपनीने १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवरचं इग्निशन दिलं. हँडल मारून हात मोडून घेण्याचे दिवस संपले. पण चढावर या गाड्यांची इंजिनं टकटक वाजू लागली आणि बोट दाखवलं गेलं ते केटरिंगच्या नव्या इग्निशनकडे. त्यातच डेल्कोने शेतघरांसाठी काढलेले वीजसंच केरोसीनवर चालवले की तसेच वाजत. केटरिंगला आपलं नाव धुऊन काढायचं होतं. १९१६ मध्ये त्याच्याकडे कामाला लागलेल्या टॉमस मिजली नावाच्या तरुण मेकॅनिकल इंजिनिअरवर हे काम सोपवलं गेलं.

ठिणगी पडायच्या आधीच इंधन पेटतं आणि म्हणून आवाज येतो, असा तेव्हा सर्रास समज होता. मिजलीने सिलिंडरमधला दाब प्रकाशाच्या किरणाने टिपणारं उपकरण जोडलं, तेव्हा वेगळंच दिसलं. ठिणगी वेळेवरच पडत होती. ज्योत प्लगपासून पुढे सरकत असताना टोकाला उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जाऊन तापत होतं आणि ज्योत पोचण्याआधीच एकदम भडकत होतं. त्या धक्क्याने सिलिंडर घंटेसारखा वाजे. म्हणजे इग्निशन सुटलं आणि आरोपीच्या पिंजऱ्यात पेट्रोल आलं. त्याच काळात इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोही स्वतंत्रपणे याच उत्तराकडे निघाला होता.

पेट्रोल खरोखरच बिघडत चाललं होतं. गाड्या भराभर वाढल्या, मग महायुद्ध आलं, आणि मागणी पुरवण्यासाठी तेल कंपन्या पेट्रोलमध्ये जड अंश जास्त मिसळू लागल्या. तेलवाले म्हणत, इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण, कमी ठेवा. इंजिनवाले म्हणत, पेट्रोल सुधारा. कॉम्प्रेशन वाढवल्याशिवाय कमी पेट्रोलमध्ये जास्त ताकद मिळत नाही, त्यामुळे माघार कोणालाच परवडणारी नव्हती.

पुढचा किस्सा चुकीच्या तर्कातून बरोबर उत्तर मिळाल्याचा आहे. बर्फ वितळायच्या आत फुलणाऱ्या एका रानवेलीची पानं पाठीमागून तांबूस असतात. केटरिंग-मिजली जोडीने कल्पना लढवली की लाल रंग उष्णता शोषत असावा, तर मग इंधनच लाल करून पाहू. हाताशी लाल रंग नव्हता, म्हणून आयोडीन घातलं. ठोके थांबले! पण नंतर खरेखुरे लाल रंग आणून घातले तर इंजिन पूर्वीसारखंच वाजू लागलं. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. आयोडीन महाग आणि धातू खाणारं, तेव्हा शोध पुढे चालू राहिला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड इंजिनात घातलं गेलं. एका गॅलनला चमचाभरसुद्धा न लागणाऱ्या या शिशाच्या संयुगाने इंजिन शांत केलं. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर ते पेट्रोल विकायला आलं. नाव ‘एथिल’. शिसं हा शब्द जाहिरातीत येणार नाही याची काळजी घेतली होती.

शिसं विषारी आहे, हे तेव्हा डॉक्टरांना ठाऊक होतं आणि कंपनीलाही. खुद्द मिजली १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या विषबाधेने आजारी पडून हवापालटाला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात कामगारांना भास होऊ लागले. पाच जण दगावले, कित्येक इस्पितळात गेले. त्याच महिन्यात मिजलीने पत्रकारांसमोर हेच द्रव हातावर ओतून घेतलं आणि त्याचा वास घेऊन दाखवला. १९२५ मध्ये विक्री थांबवून सरकारी परिषद भरली. हार्वर्डच्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी ठाम विरोध केला. पुढच्या वर्षी विक्री पुन्हा चालू झाली.

तेलवाले आणि इंजिनवाले यांच्या भांडणाला मोजपट्टी मिळाली १९२६ मध्ये. एथिल कंपनीतल्या ग्रॅहम एडगर यांनी दोन शुद्ध द्रव निवडले. त्यांपैकी आयसोऑक्टेन ठोके जवळजवळ देतच नाही, त्याला १०० गुण. हेप्टेन लगेच ठोकतं, त्याला शून्य. हे हेप्टेन मिळे पश्चिम अमेरिकेतल्या जेफ्री पाइन वृक्षाच्या राळेतून. मग विस्कॉन्सिनच्या वॉकेशा कंपनीने एकच सिलिंडर असलेलं, कॉम्प्रेशन चालता चालता बदलता येणारं चाचणी-इंजिन बनवलं. कुठल्याही पेट्रोलची पत आता आकड्यात सांगता येऊ लागली. पंपावर लिहिलेला ८७ किंवा ९१ हा आकडा त्याच घराण्यातला.

ही गोष्ट आपल्या अंगणापासून फार लांबची नाही. ज्या जनरल मोटर्सच्या छत्राखाली केटरिंग आणि मिजली काम करत होते, तिने १९२८ मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली आणि १९५४ पर्यंत चालवली. शिशाचं पेट्रोलही आपण मनसोक्त जाळलं. मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं १ एप्रिल १९९५ ला, देशभर १ फेब्रुवारी २००० पासून. अमेरिकेने रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १९९६ च्या आरंभी पुरतं बंद केलं. सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने.

आता पिकअपकडे. कारखान्यातूनच मागे हौदा लावलेली फोर्ड मॉडेल टी एप्रिल १९२५ मध्ये २८१ डॉलरला आली. तिच्या स्टिअरिंगखाली दोन दांडे होते. उजव्या हाताचा पेट्रोल वाढवायचा, डावीकडचा ठिणगीची वेळ मागेपुढे करायचा. कणसांची पोती लादून गाडी चढाला लागली आणि इंजिन ठोकायला लागलं की शेतकरी कानाने अंदाज घेऊन डावा दांडा मागे सारायचा. आवाज थांबला की हात काढायचा. त्या गाडीत ठोक्यांची जबाबदारी चालवणाऱ्याची होती आणि उपायही त्याच्याच हातात. पुढे दांडा गेला, वेळ आपोआप बदलू लागली. १९७८ मध्ये ब्यूकने टर्बो व्ही-६ इंजिनावर ठोके ‘ऐकणारा’ सेन्सर बसवला: ठोका जाणवला की ठिणगी क्षणभर उशिरा. मग हीच सोय जनरल मोटर्सच्या पिकअपपर्यंत आली. शेतकऱ्याच्या कानाचं काम नखाएवढ्या स्फटिकाने घेतलं.

पण पेट्रोलमुळे येणारा ठोका हा सगळ्या ठोक्यांत साधा. मेकॅनिकची खरी परीक्षा लोखंडाच्या आवाजाची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि एकेका सिलिंडरवरून पुढे सरकायचं. वरून हलकी टिकटिक येत असेल तर टॅपेट किंवा लिफ्टर. गार इंजिनात खळखळ आणि पाच मिनिटांत बंद, तर पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतोय. खालून, पोटातून येणारा जड ठोका मात्र कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. तिथली फट इंचाच्या एक-दोन सहस्रांशांची असते आणि तिच्यात तेलाचा पापुद्रा असतो. तो फाटला की धातू धातूवर आदळतो. खात्री करायला एकेका प्लगची ठिणगी तोडून बघतात. ज्या सिलिंडरला आवाज मंदावतो, दुखणं तिथलं. पहिला आवाज वर्षानुवर्षं चालून जाऊ शकतो. शेवटचा आला की इंजिन उतरवायची तयारी ठेवायची. वॉरंटीचा सगळा तंटा या दोन टोकांच्या मधल्या आवाजांवरून होतो.

वॉरंटीच्या कागदाची कुळकथा मे १९५५ मध्ये न्यू जर्सीत उलगडली. हेनिंग्सन नावाच्या गृहस्थांनी मातृदिनाची भेट म्हणून पत्नीसाठी नवी प्लिमथ घेतली. दहा दिवसांत, मीटरवर ४६८ मैल असताना, त्या गाडी चालवत होत्या. बॉनेटच्या बाजूने, खालून मोठा आवाज आला, स्टिअरिंग हातातून फिरलं आणि गाडी भिंतीवर गेली. हा आवाज इंजिनाच्या ठोक्याचा नव्हता, पण त्या खटल्यात जे बाहेर आलं ते प्रत्येक ठोक्याला लागू पडणारं होतं. खरेदीच्या कागदामागे साडेआठ इंच बारीक छपाई होती. वॉरंटी ९० दिवस किंवा ४ हजार मैल. तीही अशी की बिघडलेला भाग मालकाने स्वखर्चाने कारखान्यात पाठवायचा आणि तो सदोष आहे असं कंपनीचंच समाधान झालं तर बदलून मिळणार. बाकी सगळी जबाबदारी झटकलेली. दुसरीकडे जावं तर देशातल्या जवळजवळ सगळ्या कार कंपन्यांच्या संघटनेने हाच मसुदा ठरवलेला, आणि १९५८ मधल्या ९३.५ टक्के मोटारी तीनच कंपन्यांच्या. १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ही जबाबदारी-झटक सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून रद्द ठरवली.

तोवर वॉरंटी हे विक्रीचं हत्यारही होऊ लागलं होतं. १९६१ च्या मॉडेलांना फोर्डने १२ महिने किंवा १२ हजार मैल दिले. १९६३ च्या मॉडेलांना क्रायस्लरने इंजिन-गिअरबॉक्सवर ५ वर्षं किंवा ५० हजार मैल जाहीर करून बाकीच्यांची झोप उडवली. लांब वॉरंटी देणं सोपं, दावे मान्य करणं अवघड. तक्रारींचा ढीग वाढला आणि जानेवारी १९७५ मध्ये मॅग्नसन-मॉस कायदा आला. त्यातलं एक कलम इंजिनाच्या ठोक्यांत फार कामाला येतं. तेल आमच्याच डीलरकडे बदललं नाही म्हणून वॉरंटी गेली, असं कंपनीला म्हणता येत नाही. बाहेर बदललेल्या तेलाच्या पावत्या मात्र मालकाने जपाव्यात. बेअरिंग वाजलं की वर्कशॉपचा पहिला प्रश्न तेल कधी बदललं हाच असतो. १९८२ मध्ये कनेटिकटने आणखी एक पाऊल टाकलं: तोच बिघाड चार वेळा दुरुस्त करूनही राहिला किंवा गाडी ३० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर गाडी बदला किंवा पैसे परत. इतर राज्यांनीही असे कायदे केले. सुरुवातीचा तो कागद इथे पुरावा ठरतो. ‘आवाज आढळला नाही’ असा शेरा असला तरी तक्रार नोंदलेली असते, तारीख आणि मैलांसकट. तोंडी सांगून गाडी घरी आणणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

कंपन्यांनीही आपली वाट शोधली होती. जनरल मोटर्सच्या १९९९ च्या शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअपला नवी व्ही-८ इंजिनं आली. दणकट निघाली, पण थंडीत सुरू होताना त्यांतली पुष्कळ ठोकत. पिस्टनची खालची बाजू, म्हणजे स्कर्ट, आखूड, त्यामुळे गार असताना ते किंचित डुलत. तो आवाज नेहमीचा असून इंजिनाच्या आयुष्यावर परिणाम करत नाही, असं कंपनीने डीलरांना कळवलं. बहुतेक बाबतीत ते खरंही ठरलं, यात विनोद असा की मालकांचा विश्वास मात्र बसला नाही. आणि का बसावा? याच घराण्यातल्या काही इंजिनांत तेलपंपाच्या नळीवरची एक रबरी रिंग खराब होऊन पंप हवा ओढत असे. तिथेही तक्रार ठोक्यांचीच, पण उपाय रिंग बदलण्याचा. नुसत्या कानाने दोन्ही ओळखायला मेकॅनिक मुरलेला हवा.

क्रायस्लर घराण्याच्या पुस्तिकांत तर मॉडेल टीचा काळ परत आल्यासारखा वाटतो. मंद गतीतल्या हलक्या ठोक्यांनी बिघडत नाही, मात्र जोरदार ठोके येत असताना गाडी दामटली आणि इंजिन गेलं, तर ते नुकसान वॉरंटीत बसेलच असं नाही, अशी सूचना त्यांत छापलेली असते. म्हणजे कान पुन्हा मालकानेच द्यायचा, फक्त डावा दांडा त्याच्याकडे नाही.

अलीकडची दोन प्रकरणं मात्र ‘नेहमीचा आवाज’ म्हणून मिटली नाहीत. मे २०२४ मध्ये टोयोटाने २०२२-२३ च्या टुंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात इंजिन घडवताना निघालेला धातूचा चुरा आतून पुरता साफ झाला नव्हता. तो मुख्य बेअरिंगमध्ये गेला की इंजिन ठोकायचं आणि चालत्या गाडीत बंद पडायचं. एप्रिल २०२५ मध्ये पाळी आली जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ ची. सिल्व्हराडो, सिएरा आणि त्यांच्या मोठ्या एसयूव्ही भावंडांच्या जगभरातल्या सुमारे ७ लाख २१ हजार गाड्या. दोष कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टमध्ये. अमेरिकेतच २८ हजारांहून जास्त तक्रारी आणि नोंदी जमल्या होत्या, त्यांतल्या १४ हजारांहून अधिक चालत्या गाडीची ताकद गेल्याच्या.

उपायाची विभागणी अशी झाली: तपासणीत नापास झालेल्या गाडीला इंजिनाची दुरुस्ती किंवा नवं इंजिन. पास झालेलीला ०डब्ल्यू-२० ऐवजी जाड ०डब्ल्यू-४० तेल, नवा फिल्टर आणि तेल ओतायच्या तोंडाला त्या तेलाचं नाव असलेलं नवं झाकण. सोबत या इंजिनांच्या संबंधित भागांवर १० वर्षं किंवा दीड लाख मैलांचं संरक्षण. पातळ तेल मुळात मायलेज वाढावं म्हणून आलं होतं. आता जाड तेलाने मायलेज घटतं आणि सदोष भाग आतच राहतो, असं म्हणत मालकांनी कोर्टाची पायरी चढली आहे.