लेहला उतरलेलं पहिलं विमान आणि विरळ हवेचं गणित

विमान हवेच्या आधाराने उडतं, हे शाळकरी मुलगाही सांगतो. पण ती हवा किती दाट आहे, हा हिशेब वैमानिकाला प्रत्येक उड्डाणाआधी करावा लागतो. हा हिशेब आज आपण २४ मे १९४८ या दिवसाच्या आधाराने समजून घेऊ.

त्या मे महिन्यात कारगिल हल्लेखोरांच्या हाती गेलं आणि श्रीनगर-लेह वाट तुटली. लेहमध्ये आपली फौज अगदी थोडी होती. मेजर पृथी चंद मूठभर स्वयंसेवक जवान घेऊन ऐन बर्फात झोजी ला ओलांडून तिथे पोहोचले होते. त्यांच्याबरोबर गेलेले लडाखी इंजिनियर सोनम नोरबू यांनी स्थानिक लोकांच्या मदतीने कच्ची धावपट्टी तयार केली. कुमक वेळेत पाठवायची तर ती विमानानेच. पण तिथे विमान उतरेल का, आणि उतरलंच तर परत उडेल का?

याचं उत्तर शोधायला एअर कमोडोर मेहर सिंग स्वतः डकोटा घेऊन निघाले. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. डकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती आणि वाटेत हिमालयाच्या रांगा होत्या.

आता गणित पाहू. लेहची उंची साडेदहा हजार फुटांच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत पाऊणपटीहूनही थोडी कमी असते. हवा विरळ म्हणजे पंखांना उचल कमी, पंख्याला ओढ कमी आणि इंजिनाला श्वासही कमी. डकोटाच्या इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर होता, पण त्यालाही मर्यादा होतीच.

खरी गंमत वेगाची आहे. वेगदर्शक काटा समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो. समजा, उतरताना काटा ताशी १५० किलोमीटर दाखवतोय. समुद्रकाठी जमिनीवरचा वेगही जवळपास तेवढाच असेल. लेहला मात्र तो सुमारे १७५ भरेल. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे तेच विमान, तेच वजन, तरी धाव एक तृतीयांशाहून जास्त लांबते.

त्यात ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते. या उंचीचं प्रमाण तापमान उणे ६ अंशांच्या आसपास धरतात. प्रत्यक्षात २० अंश असेल, तर दर अंशामागे साधारण १२० फूट या हिशेबाने विमानाला आपण साडेतेरा हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. नवशिक्या वैमानिकाने हा शब्द पाठ न करता समजून घ्यावा.

म्हणून उतरण्यापेक्षा उड्डाण अवघड. विमान उडवायचं तर वजन कमी करावं लागतं. मी पायदळाचा माणूस, त्यामुळे मला हे वजन किलोत दिसत नाही. कमी केलेलं प्रत्येक ओझं म्हणजे दारूगोळ्याची एक पेटी, नाहीतर एक जवान. शंभर जवान एका खेपेत जात नाहीत, तर खेपा वाढतात, आणि लढाईत वेळ कोणासाठी थांबत नाही.

मेहर सिंग उतरले आणि सुखरूप परतलेही. त्यामुळे पुढचा निर्णय घेता आला. जूनच्या सुरुवातीला गोरखा जवान विमानाने लेहला उतरू लागले आणि लेह आपल्या हातून गेलं नाही. मेहर सिंग यांना महावीर चक्र मिळालं.

आजही लेहची प्रवासी विमानं मुख्यतः सकाळीच ये-जा करतात. दुपारी ऊन तापतं, वारा सुटतो. विमानं बदलली, इंजिनं बदलली, हवेचा नियम मात्र तोच आहे. पुढच्या वेळी पहाटेच्या विमानाचं तिकीट हाती आलं, तर कुरकुर करण्याआधी हे गणित आठवा.

जय हिंद.