रुपयाच्या नोटेवरचा सागर सम्राट

लग्नाच्या आहेरात पाचशेच्या नोटेला जोडून द्यायला रुपयाची कोरी नोट शोधणारी माणसं अजूनही आहेत. हाताशी असेल तर ती नोट उलटी करून बघा. रुपयाच्या नाण्याच्या चित्राभोवतीच्या नक्षीत समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक लोखंडी सांगाडा दिसेल. हा सागर सम्राट. तेल शोधण्यासाठी बांधलेली फिरती रिग. १९८०च्या दशकातल्या नोटेवर तो आला, १९९४ साली नोटेची छपाई थांबली तेव्हा दिसेनासा झाला आणि २०१५ साली ती पुन्हा सुरू झाली तेव्हा परतला. एका यंत्राला हा मान का मिळाला, त्याची ही कुळकथा.

ती सुरू होते १९५०च्या दशकात. तेव्हा देशात तेल होतं ते आसामात, दिग्बोईच्या बाजूला. बाकी भारताच्या पोटात तेल असेल यावर परदेशी कंपन्यांचा फारसा भरवसा नव्हता. आणि असलंच, तरी ते शोधायला पैसा आणि ज्ञान त्यांचंच लागणार, हे गृहीत होतं. केंद्रातले मंत्री केशवदेव मालवीय यांनी हे गृहीत मानायला नकार दिला. त्यांच्या पुढाकाराने १९५६ साली तेल आणि नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजची ओएनजीसी, उभी राहिली. मुख्यालय डेहराडूनला आणि शिकवायला सोव्हिएत तज्ज्ञ. दोन वर्षांत खंबायतजवळ लुणेजला तेल लागलं, १९६० साली अंकलेश्वरला. अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीचं नाव वसुधारा. वांद्र्याच्या ओएनजीसीच्या इमारतीलाही तेच नाव आहे.

खंबायतच्या जमिनीखाली तेल असेल तर ते थर समुद्रात कुठवर जातात, हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी आलं ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ नावाचं सोव्हिएत जहाज. १९६०च्या दशकाच्या मध्यात या जहाजाने पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्रतळ ध्वनिलहरींनी चाचपला. पाण्यात स्फोट करायचा आणि खालच्या खडकांच्या थरांवरून परत येणारा आवाज नोंदवायचा, अशी ती पद्धत. या नोंदींतून मुंबईच्या वायव्येला, सुमारे १६० किलोमीटरवर, जमिनीच्या पोटात एक प्रचंड उंचवटा असल्याचं दिसलं. भूगर्भाच्या भाषेत अशा उंचवट्याला ‘हाय’ म्हणतात, म्हणून ते बॉम्बे हाय. तेल म्हणजे जमिनीखालचं तळं अशी अनेकांची समजूत असते. तसं ते नसतं. समुद्रतळाखाली हजार मीटरहून खोल असलेल्या चुनखडीच्या बारीक छिद्रांत ते मुरलेलं असतं आणि वरच्या घट्ट थरामुळे तिथेच अडकून राहतं.

उंचवटा कळला, पण भोक पाडणार कशाने? पाणी तिथे पाऊणशे मीटर खोल. ओएनजीसीला समुद्राचा अनुभव एवढाच, की १९७० साली खंबायतच्या आखातात अलियाबेटला एक छोटं व्यासपीठ उभारून खोदून पाहिलं होतं, आणि त्यातून व्यापारी उत्पादन काही झालं नव्हतं. मग जपानमध्ये हिरोशिमाला मित्सुबिशीच्या गोदीत रिग बांधून घेतली आणि १९७३ साली ती भारतात आली. जॅक-अप जातीची ही रिग जागेवर नेली की लांबलचक पाय खाली सोडून समुद्रतळावर टेकवायचे आणि त्याच पायांवर तिचं धड लाटांच्या वर उचलायचं. काम झालं की पाय वर घ्यायचे आणि पुढच्या जागी जायचं. फेब्रुवारी १९७४मध्ये सागर सम्राटने बॉम्बे हायला तेल शोधून काढलं.

या तारखेकडे जरा थांबून पाहायला हवं. ऑक्टोबर १९७३च्या अरब-इस्राएल युद्धानंतर तेल उत्पादक देशांनी भाव वाढवले आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास मिळणारं तेल तीन-चार महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. भारताला लागणाऱ्या तेलापैकी साधारण दोन-तृतीयांश तेव्हा बाहेरून येत होतं. दुष्काळ होऊन गेलेला, महागाई भडकलेली, परकीय चलन तोकडं. अशा वेळी मुंबईच्या समुद्रात तेल लागलं. याला नशीब म्हणणं मला मान्य नाही. तेलाचे भाव कोणाच्या डोक्यातही नव्हते तेव्हा ज्यांनी जहाज बोलावलं, पोरांना शिकायला पाठवलं, रिग मागवली, त्यांच्या सतरा-अठरा वर्षांच्या कामाचं ते फळ होतं. गरज डोक्यावर बसल्यावर शोधाशोध सुरू केली असती, तर तेल हाती यायला १९८०चं दशकही पुरलं नसतं.

२१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. आधी तेल समुद्रातच टँकरमध्ये भरून आणत, मग सुमारे २०० किलोमीटरच्या नळवाहिन्या टाकून ते उरणला आणि पुढे ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांना येऊ लागलं. हलकं आणि गंधक कमी असलेलं हे तेल. १९७३-७४ साली देशाचं तेल उत्पादन सुमारे ७० लाख टन होतं, १९८४-८५ साली ते २ कोटी ९० लाख टनांच्या आसपास पोचलं. यातला सिंहाचा वाटा बॉम्बे हाय आणि त्याच्या शेजारच्या क्षेत्रांचा.

हे आकडे तिजोरीत कसे उतरले, याचं उत्तम उदाहरण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाचं. १९७९च्या दुसऱ्या तेलधक्क्यानंतर भारताने १९८१ साली नाणेनिधीकडून पाच अब्ज एसडीआरचं कर्ज मंजूर करून घेतलं. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. त्या काळी एवढं मोठं कर्ज कुठल्याच देशाने घेतलं नव्हतं आणि त्यावरून देशात भरपूर वादंग झाला. पण १९८४ साली सरकारने शेवटचा १.१ अब्जांचा हप्ता उचललाच नाही. गरज उरली नव्हती, आणि त्याच्या कारणांत घरचं तेल अपेक्षेपेक्षा वेगाने वाढलं हे एक मोठं कारण होतं. एका सरकारी आयोगाने देशाची पत राखली, ती अशी.

तेलाबरोबर वायू आला आणि सामान्य माणसाच्या घरात पोचला तो वायूच. १९७०च्या दशकात गॅसचा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारी कुटुंबं आजच्या साठीतल्या माणसांना आठवत असतील. सिलिंडरमधला गॅस तोवर रिफायनऱ्यांतून निघेल तेवढाच. उरणच्या प्रकल्पात समुद्राच्या वायूतून तो वेगळा काढता येऊ लागला आणि यादी भराभर पुढे सरकली. त्याच वायूवर उरणचं राज्य वीज मंडळाचं वायू विद्युत केंद्र चाललं, अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा युरियाचा कारखाना उभा राहिला, नागोठण्याला प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाचा प्रकल्प आला. पुढे मुंबईच्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर धावू लागल्या त्या याच समुद्राच्या जोरावर. रायगड जिल्ह्याचा चेहरा ज्याने बदलला त्यात हा वायूही आहे.

रायगडने त्यासाठी काय दिलं, हेही सांगायला हवं. उरणकरांच्या जमिनी गेल्या. प्रत्येक व्यासपीठाभोवती ५०० मीटरचा सुरक्षापट्टा, तिथे कोळ्यांनी जाळं टाकायचं नाही. आणि रॉयल्टी? जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी गुजरातला आणि आसामला मिळते. समुद्रातल्या तेलावर मात्र राज्यघटनेच्या २९७व्या कलमानुसार केंद्राचा हक्क. महाराष्ट्राच्या दारात सापडलेल्या तेलावर महाराष्ट्राला रॉयल्टी नाही. राष्ट्राची संपत्ती राष्ट्राची, हे तत्त्व मला पटतं. पण ज्या गावांच्या समुद्रातून नळ आले त्यांना त्यातला ठरावीक, कायमचा वाटा असायला हवा होता. तो कारखान्यांच्या मर्जीवर सोडायला नको होता.

दुसरी चूक त्याहून मोठी. खडकातलं तेल वर येतं ते आतल्या दाबाने. तेल उपसाल तसा दाब उतरतो, म्हणून बाजूच्या विहिरींतून पाणी आत सोडून तो टिकवावा लागतो. ही कामं वेळेवर न करता नुसता उपसा वाढवला, तर वायू आणि पाणी आधी वर येतं आणि तेल खडकातच राहून जातं. बॉम्बे हायला पाणी सोडायला सुरुवात झाली ती उत्पादन सुरू झाल्यावर काही वर्षांनी, आणि १९८०च्या दशकात उद्दिष्टं मात्र चढत राहिली. वायू किनाऱ्याला आणायची सोय पुरेशी नव्हती, म्हणून त्याचा मोठा हिस्सा समुद्रावरच जाळून टाकला गेला. वर्षाला दोन कोटी टनांचं शिखर गाठलं आणि मग उतरण लागली. १९८९-९० साली ३ कोटी ४० लाख टन असलेलं देशाचं उत्पादन १९९२-९३पर्यंत २ कोटी ७० लाख टनांवर आलं. नेमकं याच मधल्या काळात आखाती युद्ध झालं, तेल महागलं आणि १९९१ साली रिझर्व्ह बँकेला ४७ टन सोनं विमानाने परदेशी गहाण पाठवावं लागलं. त्या संकटाची मुळं सरकारी तुटीत आणि कर्जात होती, हे खरं. पण सात वर्षांपूर्वी नाणेनिधीचा हप्ता नाकारायला ज्या क्षेत्राने बळ दिलं, ते आता हात देऊ शकत नव्हतं.

या कथेत माणसंही आहेत. चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी, जुहूहून हेलिकॉप्टरने ये-जा, अशी नोकरी मुंबई-रायगडच्या कित्येक घरांनी केली. २७ जुलै २००५ला, मुंबई पुरात बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज बोटं कापलेल्या एका जखमी कर्मचाऱ्याला उतरवायला बॉम्बे हाय नॉर्थच्या व्यासपीठाला लागत होतं. लाटांनी ते वायूच्या नळावर आदळलं. आग लागली आणि दोनेक तासांत अख्खं व्यासपीठ समुद्रात गेलं. २२ माणसं गेली, साडेतीनशेहून जास्त वाचवली गेली. नोटेवरच्या चित्रामागे यांचीही नावं आहेत असं मी मानतो.

सागर सम्राट अजून मोडीत निघालेला नाही. खोदकामाचं वय सरल्यावर त्याचं रूपांतर तेल उत्पादनाच्या फिरत्या केंद्रात झालं आणि २०२२ साली तो पश्चिम समुद्रात पुन्हा कामाला लागला. आणि जानेवारी २०२५मध्ये ओएनजीसीने बॉम्बे हायच्या, म्हणजे आताच्या मुंबई हायच्या, जुन्या क्षेत्रातून जास्त तेल काढण्यासाठी दहा वर्षांकरता बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक सेवेसाठी निवडलं. आता तिथलं मुख्य काम नवा उंचवटा शोधायचं नाही. १९८०च्या दशकात राहून गेलेलं खडकातलं तेल दाब सांभाळून, हळूहळू वर आणायचं आहे.