रंगांचा उतार : सावंतवाडीपासून संगणकापर्यंत

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील चित्रशाळेंत एका स्त्रीचें चित्र आहे. तिच्या एका हातांत दिवा असून दुसऱ्या हातानें तिनें त्याची ज्योत आडोशास घेतली आहे. दिव्याचा उजेड बोटांतून पाझरल्यामुळें तीं तांबूस झालीं आहेत, आणि तोच उजेड मुखावरून व पदरावरून हळूहळू ओसरत भोंवतालच्या अंधारांत मिसळून गेला आहे. या चित्राच्या प्रतिकृति आपणांपैकीं पुष्कळांनीं कोठें ना कोठें भिंतीवर पाहिल्या असतील. परंतु चित्रकार कोण, असें विचारल्यास 'राजा रविवर्मा' हें उत्तर वारंवार ऐकूं येतें. तें चूक आहे. रविवर्मा १९०६ सालीं निवर्तले. हें चित्र त्यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं झालें. तें सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचें आहे, आणि हळदणकरांचा जन्म १८८२ सालीं सावंतवाडीस, म्हणजे आज ज्या मुलखास आपण सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतों तेथें झाला.

चित्राचा कर्ता कोण, एवढाच आमचा आजचा विषय नाहीं. एका रंगांतून दुसऱ्या रंगांत कोठेंही सांधा न दिसतां उतरत जाण्याची जी विद्या त्या चित्रांत आहे, ती आज संगणकाच्या आज्ञावलींत 'ग्रेडियंट' या नांवानें दोनचार ओळींत हाताशीं येते. ती तेथवर कशी पोंचली, आणि तिच्यांत माणसाच्या डोळ्याचें काम किती शिल्लक राहिलें, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

सावंतवाडीची जुनी कीर्ति याच्या अगदीं उलट प्रकारच्या रंगकामाबद्दल आहे. तेथील लाखकाम व गंजिफा प्रसिद्ध आहेत. दशावतारी गंजिफेचा पूर्ण संच १२० पानांचा. दहा अवतारांचीं बारा बारा पानें. गोल पानाची जमीन एकाच सपाट रंगाची असावयाची, कारण खेळणाऱ्यास हातांतील पान क्षणांत ओळखतां आलें पाहिजे. येथें एक रंग दुसऱ्यांत विरघळूं लागला, तर खेळच मोडेल. १९७० नंतरच्या दशकांत ही कला लोप पावूं लागली असतां शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच कारागिरांस आश्रय देऊन ती तगविली. रंगांची सीमा स्पष्ट राखणें हीही एक थोर कला आहे; फक्त तिचें प्रयोजन निराळें.

ज्या गांवीं रंगांच्या सीमा अशा जपल्या जात, त्याच गांवच्या हळदणकरांनीं त्या सीमा पुसण्यांत प्रावीण्य मिळवावें, हा योग मोठा गमतीचा आहे. १९०३ मध्यें ते मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत दाखल झाले. १९०८ मध्यें त्यांनीं स्वतःची चित्रशाळा काढली. १९१८ मध्यें 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापणाऱ्यांत ते होते. दिवा धरलेल्या स्त्रीच्या चित्रासाठीं त्यांची कन्याच त्यांच्यापुढें उभी राहिली होती. आणि विशेष हें कीं, हें चित्र तैलरंगांतील नसून जलरंगांतील आहे. तैलरंगांत चुकलेल्या जागेवर पुन्हा रंग चढवितां येतो. जलरंगांत उजेड म्हणजे कागदाचा मूळचा पांढरेपणा. तो एकदां झांकला कीं पूर्वीसारखा परत मिळणें कठीण. म्हणून ओला रंग कागदावर उतरवितांना तो कोठें दाट, कोठें पातळ ठेवावयाचा, पाणी केव्हां वाढवावयाचें आणि हात केव्हां थांबवावयाचा, याचा निर्णय कागद वाळण्यापूर्वींच करावा लागतो.

छापखान्यापुढें हाच प्रश्न दुसऱ्या रूपानें उभा होता. रविवर्म्यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढला. प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड, आणि दगडावर तर रंग लागतो किंवा लागत नाहीं. मधली स्थिति नाहीं. तेव्हां गालावरील लाली हळूहळू फिकट दाखविण्यासाठीं कारागीर दगडावर बारीक ठिपके देत. दाट ठिपक्यांनीं गडद छटा, विरळ ठिपक्यांनीं फिकी. ठिपके छापखान्यांत तयार होत. छटा मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होई.

संगणकाचा पडदाही ठिपक्यांचाच आहे. त्यास पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सामान्यतः तीन आंकड्यांनीं ठरतो : तांबडा, हिरवा व निळा, प्रत्येकी ० पासून २५५ पर्यंत. दोन टोकांचे रंग दिले कीं मधल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग त्रैराशिकानें काढतां येतो. अंतराचा चौथा हिस्सा चाललों, तर आंकडाही चौथ्या हिश्शानें बदलावयाचा. अमेरिकेंतील उटाह विद्यापीठांत १९७१ सालीं आंरी गूरो या फ्रेंच संशोधकानें याच रीतीनें संगणकावरील मुखाकृतीस गोलाई आणली. मुख सपाट तुकड्यांचें बनविलेलें होतें. त्यानें तुकड्यांच्या कोपऱ्यांवरील छटा काढून मधल्या छटा हिशेबानें भरल्या, आणि कडा डोळ्यांआड झाल्या. मोजमापासाठीं त्यानें आपल्या पत्नीच्याच चेहऱ्यावर रेघा आखल्या होत्या. एकास कन्या, दुसऱ्यास पत्नी. उजेडाचा अभ्यास घरच्या माणसाच्या मुखावरूनच सुरू व्हावा, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें.

पुढें हें गणित प्रत्येकानें नव्यानें मांडण्याची गरज उरली नाहीं. 'कैरो'सारख्या चित्ररेखनाच्या आयत्या आज्ञासंग्रहांत, ज्यांस 'लायब्ररी' म्हणतात, तें तयार मिळतें. दिव्याचें तेजोवलय हवें असल्यास आज्ञा लिहिणारानें दोन वर्तुळें सांगावयाचीं, प्रत्येकाचा मध्य व त्रिज्या द्यावयाची, आणि कोणत्या टप्प्यावर कोणता रंग असावा हें कळवावयाचें. मधलें सर्व यंत्र भरतें.

परंतु येथेंच खरी अडचण सुरू होते. शुद्ध पिवळ्याचे आंकडे २५५, २५५, ०. शुद्ध निळ्याचे ०, ०, २५५. या दोहोंच्या बरोबर मध्यें त्रैराशिकानें तिन्ही आंकडे सुमारें १२८ येतात, म्हणजे निव्वळ राखी रंग! जलरंगांचा पेटीवाला शाळकरी मुलगाही सांगेल कीं, पिवळ्यांत निळा मिसळला तर हिरवा होतो. हिशेब चुकलेला नाहीं; पण तो आंकड्यांचा आहे, कुंचल्याच्या रंगांचा नव्हे. दुसरें असें कीं, ज्योतीपासून दुप्पट अंतरावर उजेड चतुर्थांश होतो, तिप्पट अंतरावर नवमांश. यंत्राचा सरळ उतार मात्र प्रत्येक पावलागणिक सारखाच घटतो. म्हणून त्याची ज्योत कागदाच्या चकतीसारखी दिसते. तिसरें, १,२०० ठिपक्यांच्या रुंदीवर रंग अवघ्या २४ पायऱ्या उतरावयाचा असेल, तर एकेक पायरी ५० ठिपके रुंद होते व पट्टे दिसूं लागतात. अशा पट्ट्यांच्या कडा आपला डोळा आहेत त्याहून ठळक करून पाहतो, हें एर्न्स्ट माख यानें १८६५ सालींच दाखविलें होतें. यावर संगणकवाल्यांनीं काढलेला एक उपाय म्हणजे ठिपके मुद्दाम विखुरणें. फ्लॉइड व स्टाइनबर्ग यांची १९७६ ची रीत त्यांतलीच. शिळाछापाचा कारागीर ठिपक्यांचा हाच धर्म ओळखून होता. पुढें २०२० मध्यें ब्यॉर्न ओट्टोसन यानें 'ओकेलॅब' ही रंगमापनाची पद्धत प्रसिद्ध केली. तिचाही हेतु एवढाच कीं, आंकड्यांच्या समान पायऱ्या डोळ्यांसही समान भासाव्या.

यावरून आम्हांस जें दिसतें तें असें. दोन टप्प्यांमधील जागा भरणें हें यंत्राचें काम. टप्पे कोठें ठेवावयाचे हें डोळ्याचें काम. ज्यानें मावळतीचा उजेड मालवणच्या समुद्रावर ओसरतांना लक्ष देऊन पाहिला आहे, तो मध्यें चार टप्पे अधिक घालील आणि राखी डाग टाळील. ज्यानें पाहिलेला नाहीं, त्यास उत्तम लायब्ररीही चकतीच देईल. आमच्या कोंकणचीं मुलें आज पुण्यामुंबईस जाऊन हींच कामें करतात. त्यांच्या हातीं आज्ञावली देण्यापूर्वीं, निदान तिच्या बरोबरीनें, ओला कागद व कुंचला द्यावा, असें आमचें मत आहे. हा जुन्याचा अभिमान नव्हे. नव्या कामाची ती गरजच आहे.

आणखी एक गोष्ट. जें काम दोनचार ओळींत होतें, त्याच्यामागें कोणी माणूस होता याची आठवण राहणें कठीण असतें. हळदणकर १९६८ सालीं वारले. त्यांच्या दिव्याच्या प्रतिकृति यंत्रांनीं असंख्य काढल्या, आणि त्यांचें नांव वाटेंत कोठें तरी गळून पडलें. छटा जशी कडेकडेनें विरत जाते, तसें हें नांव विरूं देणें बरें नव्हे. ज्यांच्या घरीं ती प्रतिकृति असेल त्यांनीं तिच्या खालीं 'हळदणकर, सावंतवाडी' एवढीं दोन अक्षरें लिहून ठेवावीं. तेथें मात्र सीमा गंजिफेच्या पानासारखी स्वच्छ असावी.