टाटा सिएरा

टाटा सिएरा : टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) पुण्यात बनवलेली तीन दारांची डिझेल एसयूव्ही. ती १९९१ मध्ये बाजारात आली आणि नव्वदचे दशक सरल्यावर थोड्याच वर्षांत बंद झाली. ट्रकसाठी ओळखल्या जाणाऱ्या टेल्कोने खासगी ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही पहिली गाडी. ती काळाच्या पुढे होती म्हणून चालली नाही, असे नेहमी म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. काळापेक्षा तिला तिचे मूळ जास्त नडले.

हे मूळ म्हणजे १९८८ ची टाटामोबाइल ही पिकअप. सिएराची चासी, नाक, पुढची दोन दारे आणि १९४८ सीसीचे डिझेल इंजिन तिथूनच आले. नवी साधने उभारण्याचा खर्च त्यामुळे वाचला, पण त्या पिकअपला मागची दारे नव्हती, म्हणून सिएरालाही ती मिळाली नाहीत. उरलेल्या जागेवर अभिकल्पकांनी जे केले त्याला मात्र दाद द्यायलाच हवी. मागच्या प्रवाशांच्या बाजूला त्यांनी छतापर्यंत वळत जाणारी भलीमोठी अखंड काच बसवली, आणि आजही गाडी दुरूनच ओळखू येते ती या काचेमुळे. पण ती उघडत नसे. भारतीय उन्हात मागे बसणाऱ्याची सगळी भिस्त एसीवर, आणि मागे जायचे तर आधी पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरायचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे जमणे कठीण होते. पॉवर विंडो, सामानाच्या मागच्या दारावरचे स्टेपनी चाक, फोर-व्हील-ड्राइव्हचा पर्याय अशी त्या वेळी अप्रूप वाटावी अशी सामग्री तिच्यात होती. इंजिनाची ताकद मात्र सत्तर अश्वशक्तीच्याही आत, म्हणजे एवढ्या वजनाला अपुरी. टर्बोने ती उणीव बरीच भरून काढली, पण तोवर दशक संपत आले होते.

यावर एक आक्षेप असा की तीन दारांच्या एसयूव्ही तेव्हा जगभर खपत होत्या. खरे आहे. पण पजेरोसारख्या गाडीला पाच दारांचे भावंडही होते. ग्राहकाला निवड होती. भारतात मोठी रक्कम मोजून घेतलेली गाडी बहुधा घरातली एकुलती एक असे आणि तिच्यात सगळे कुटुंब बसायचे असे. दुसरा आक्षेप किमतीचा. सिएरा महाग होती, यात शंका नाही. मात्र याच कुळातली, तेच इंजिन घेऊन १९९४ मध्ये आलेली सुमो तुफान खपली. तिला भरपूर दारे आणि माणसे कोंबायला जागा होती. १९९८ ची सफारी तर स्वस्त मुळीच नव्हती, तरी तीही टिकली. म्हणजे डिझेल एसयूव्हीला गिऱ्हाईक होते आणि पैसे मोजायची तयारीही होती. सिएराकडे नव्हती ती फक्त मागची दारे. टाटांनी पुढे हे नाव परत आणले, तेव्हा २०२५ च्या सिएरात त्या काचेची आठवण जपली आणि दारे पाच दिली.