कमलाबाई, बटाटा आणि हिवतापाच्या गोळ्या

उजनीचं पाणी, कॅनॉल, ऊस, केळी. आपल्या भागात डासांना काय कमी आहे? पावसाळा सरत आला की थंडी वाजून ताप येणारे पेशंट दवाखान्यात दिसू लागतात. त्यावरची बातमी लिहिताना मला एका मराठी बाईची आठवण झाली. कमळाभवानीच्या गावात तरी हे नाव माहीत असायला हवं. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. आणीबाणीत ठाम उभ्या राहिलेल्या दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण.

जन्म 1911. 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. वडील आणि काका तिथलेच विद्यार्थी. पण संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन, आणि त्यांनी सरळ नकार दिला. कारण काय, तर मुलगी! कमलाबाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, जागेवरून हटेनात. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, गाईड सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. रामन मोठा माणूस, यात वाद नाही. पण ही वागणूक क्षुद्रच होती, आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही. त्यांचं काम पाहून पुढे रामन यांनी मुलींना दार उघडलं, हेही खरं.

मग केंब्रिज. तिथे रॉबिन हिल यांच्यासोबत काम करताना बटाट्यात त्यांना 'सायटोक्रोम सी' सापडलं. हे काय असतं? एक प्रथिन, त्याच्या पोटात लोखंडाचा अणू. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो. विटा हातोहात पुढे सरकवणारी गवंड्याची माणसं असतात ना, तसं. यालाच शास्त्रात रेडॉक्स म्हणतात. पेशीचा श्वास त्यावरच चालतो. प्राण्यांसारखाच हा प्रकार वनस्पतींतही आहे, हे त्यांनी दाखवलं. प्रबंध किती पानांचा? फक्त 40! 1939 ला पीएच.डी. मिळाली.

आता मलेरियाकडे. कमलाबाईंनी मलेरियावर काम केलं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कुणी तसं फॉरवर्ड करेल. पण औषधांची गोष्ट याच रसायनात आहे. मलेरियाचा जंतू आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारं लोह त्यालाही विषारी, म्हणून तो त्याचे खडे करून बाजूला ठेवतो. क्लोरोक्विन हे खडे होऊच देत नाही. आर्टेमिसिनिन त्याच लोहाशी भिडून जंतूला जाळतं. अ‍ॅटोव्हाक्वोन नावाचं औषध तर जंतूच्या सायटोक्रोमच्या साखळीवरच घाव घालतं, म्हणजे कमलाबाईंच्या विषयाच्या अगदी शेजारी.

राहिलं प्रायमाक्विन. व्हायवॅक्स जातीचा जंतू लिव्हरमध्ये दडून बसतो. तो तिथून काढायला 14 दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. आपले लोक तिसऱ्या दिवशी ताप उतरला की पाकीट कपाटात टाकतात. मग काही महिन्यांनी पुन्हा हुडहुडी, आणि बोलणी खातो तो आरोग्य सेवक! ही गोळी रेडॉक्सचा ताण निर्माण करते. ज्यांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांच्या पेशी त्या ताणाने फुटू शकतात. म्हणून ही गोळी गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत.

मुंबईला आल्यावर कमलाबाईंनी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवलं. नीरेवर आणि गरिबाच्या ताटातल्या डाळींवर संशोधन केलं, नीरेच्या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तिथलं संचालकपद मात्र त्यांना उशिराच मिळालं. 1998 मध्ये त्या गेल्या.

तर कुणाच्या घरी व्हायवॅक्सचा पेशंट असेल तर ते पाकीट बघा, किती गोळ्या उरल्यात ते. आणि गोळ्या सुरू असताना लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठा.