आरोग्य ग्रंथालय आणि गावचे वाचनालय

वैद्यकीय महाविद्यालये, रुग्णालये आणि संशोधनसंस्था यांच्या ग्रंथालयांनी सार्वजनिक वाचनालयांना जोडून घेऊन आजार, औषधे, उपचार आणि रुग्णांचे हक्क यांविषयीची पारखलेली माहिती सर्वसामान्य वाचकाच्या हाती देणे, असे या सहकार्याचे स्वरूप असते. वैद्यकीय ग्रंथालयातली माहिती खात्रीची असली तरी ती विद्यार्थी आणि डॉक्टरांसाठी राखलेली असते. सार्वजनिक वाचनालयात कोणीही येऊन बसू शकतो. तिथल्या आरोग्याच्या कप्प्यात काय असावे आणि काय काढून टाकावे, हे सांगणारा जाणकार मात्र तिथे नसतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ही सांगड गेल्या चार दशकांत बरीच पक्की झाली. महाराष्ट्रात दोन्ही प्रकारची ग्रंथालये भरपूर आहेत, त्यांच्यातला दुवा मात्र अजून कच्चा आहे.

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील, नीरा खोऱ्यातल्या निरवांगीसारख्या गावातून पाहिले की हे अधिक ठळकपणे दिसते. शेजारच्या बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. त्याआधी या भागातल्या कोणाला वैद्यकशास्त्राचे मोठे शासकीय ग्रंथालय पाहायचे तर पुणे किंवा सोलापूर गाठावे लागे. आता ते शेजारच्या तालुक्यात आले. तरीही तिथले ग्रंथ इंग्रजीत, आणि लिहिलेले आहेत ते परीक्षेला बसणाऱ्यांसाठी. आईच्या मधुमेहाविषयी चार गोष्टी समजून घ्यायला आलेल्या शेतकऱ्याच्या कामाचे त्यांत थोडेच सापडेल.

दुसरी बाजू वाचनालयांची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान मिळते आणि राज्यात अशी ग्रंथालये बारा हजारांच्या आसपास आहेत. त्यांतली असंख्य खेड्यांत, एका-दोन खोल्यांत चालतात: सकाळी वर्तमानपत्रे, संध्याकाळी कादंबऱ्या, मधल्या वेळात स्पर्धा परीक्षेची मुले. इतके विस्तृत जाळे हाताशी असलेली राज्ये देशात फार नाहीत, आणि म्हणूनच आरोग्याच्या कामी ते जवळजवळ वापरलेच गेले नाही याची हळहळ वाटते. कारण प्रशासनाच्या रचनेतही आहे. ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाखाली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे सार्वजनिक आरोग्य विभाग व जिल्हा परिषदेकडे. गावातल्या माणसाला एकच प्रश्न पडलेला असतो. त्याचे उत्तर तीन खात्यांत विभागलेले असते.

माहिती वेळेवर पोचली तर काय होते, याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण महाडचे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण वर्षानुवर्षे तपासले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध अशा रुग्णांचे प्राण वाचवू शकते, हे दाखवून दिले. १९८०च्या दशकात त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात आले. म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या खाटेवर जन्मलेले ज्ञान लंडनमध्ये छापले गेले आणि वैद्यकीय ग्रंथालयांच्या मांडणीवर जाऊन बसले. तिथून ते पुन्हा खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत आणि त्याहून पुढे, विंचू चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे न नेता दवाखान्यात न्यायचे ठरवणाऱ्या घरापर्यंत यायला हवे. हा परतीचा प्रवास वाचनालयाच्या मदतीने सोपा होतो.

साप चावण्याचेही तसेच. उसाच्या फडात आणि पाटाच्या कडेने काम करणाऱ्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावे पाठ असतात. भारतात बनणारी प्रतिविषाची लस याच चार जातींवर चालते आणि मुंबईची हाफकिन संस्था ती अनेक दशके तयार करत आली आहे. पण आवळून पट्टी बांधू नये, जखमेवर चिरा देऊ नये, विष तोंडाने ओढू नये, हात-पाय हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे, एवढे चार वाक्यांचे ज्ञान वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर, जवळच्या कोणत्या रुग्णालयात लस मिळते त्या नोंदीसह असायला हवे. हा मजकूर वैद्यकीय महाविद्यालयाने तपासून द्यायचा आणि वाचनालयाने लावायचा. सहकार्याची सुरुवात इतकी साधी असू शकते.

या पट्ट्यातला सर्वांत निकडीचा वाचक मात्र वाचनालयाचा सभासद नसतो. गाळप हंगाम लागला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर बारामती-इंदापूरच्या कारखान्यांवर येतात, कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात आणि हंगाम संपला की परततात. २०१९ साली बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. गरिबी, मुकादमाकडून घेतलेली उचल, खाडा पडला की कापला जाणारा पैसा ही कारणे पुस्तकाने सुटणारी नाहीत. तरीही अंगावरून पाणी जाणे किंवा पाळीचा त्रास यांवर औषधोपचार असतात, पिशवी काढल्याने पुढे काय काय होऊ शकते आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत मागण्याचा आपल्याला हक्क आहे, हे शस्त्रक्रियेच्या आधी ज्या स्त्रीला कळते तिच्या संमतीला खरा अर्थ येतो. असे ज्ञान कोपीपर्यंत न्यायचे तर फिरते ग्रंथालय, आशा कार्यकर्ती आणि मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस, तिन्ही लागतात.

परदेशात या कामाची सुरुवात ग्रंथपालांच्या प्रशिक्षणापासून झाली. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या आरोग्य ग्रंथालयाने १९८५ मध्ये ‘हेल्थनेट’ हा उपक्रम काढला आणि राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथपालांना आरोग्यविषयक प्रश्न कसे हाताळावेत ते शिकवायला घेतले. पुढच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक ग्रंथालय, वैद्यक अकादमी आणि शहराचे विद्यापीठ यांनी मिळून ‘नोआ’ ही माहितीसेवा उभारली. ती इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही होती. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ‘मेडलाइनप्लस’ हे संकेतस्थळ खास सामान्य वाचकांसाठी उघडले आणि सार्वजनिक ग्रंथालयांना त्याच्या वापरात सामील करून घेतले. ब्रिटनची वाट थोडी वेगळी होती. वेल्समधील कार्डिफ येथे मानसशास्त्रज्ञ नील फ्रूड यांनी डॉक्टरने औषधासारखे पुस्तकही लिहून द्यावे आणि ते सार्वजनिक ग्रंथालयातून मिळावे, अशी पद्धत रुजवली. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘रीडिंग वेल’ या नावाने ती देशपातळीवर गेली. नैराश्य किंवा चिंतेने ग्रासलेल्या माणसाला तज्ज्ञांनी निवडलेली पुस्तके जवळच्या ग्रंथालयात फुकट मिळू लागली.

भारतात दिल्लीचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय ‘ई-आर-मेड’ या संघामार्फत शासकीय वैद्यकीय संस्थांना नियतकालिके पुरवते. ही सेवा डॉक्टर-संशोधकांपुरती आहे. सामान्य रुग्णासाठी दार उघडण्याचा महाराष्ट्रातला लक्षणीय प्रयत्न मुंबईत झाला. डॉ. अनिरुद्ध आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी नव्वदच्या दशकात ‘हेल्प’ हे लोकांसाठीचे आरोग्यशिक्षण ग्रंथालय सुरू केले. फोर्ट भागात, दादाभाई नौरोजी मार्गावर चाललेल्या या ग्रंथालयात कोणीही येऊन विनामूल्य वाचू शकत असे. माहिती हाही उपचाराचाच भाग आहे, ही मालपाणी दांपत्याची भूमिका. ती पटण्यासारखी आहे. पण मुंबईतले एक ग्रंथालय निरवांगीला पुरे पडणार नाही, त्यासाठी गावागावातली बारा हजार दारेच लागतील.

भाषेचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही, कारण मराठीत आरोग्यलेखनाची परंपरा जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि लैंगिक आरोग्यावर मोकळेपणाने लिहिल्याबद्दल खटले सोसले. त्यांतल्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. डॉ. श्याम अष्टेकर यांचे ‘भारतवैद्यक’ खेड्यातल्या आरोग्य कार्यकर्त्याला समोर ठेवून लिहिलेले आहे. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशातल्या वैद्यकविषयक नोंदी आता संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात. वाचनालयात एक संगणक आणि एक छपाईयंत्र असले की यातले पुष्कळ वाचकाच्या हातात देता येते.

निवडीइतकीच छाटणीही महत्त्वाची. जुन्या पुस्तकांत कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात असे लिहिलेले असते. मेंदूच्या पेशींपासून बनणारी ती लस भारतात २००४च्या सुमारास बंद झाली. आता दंडात मोजकीच इंजेक्शने घ्यावी लागतात. पोटातल्या सुयांच्या धास्तीने कोणी लस टाळली तर रेबीजला उपचार नाही. अशी पुस्तके मांडणीवरून उतरवायला ग्रंथपालाला वैद्यकीय ग्रंथालयाचा शब्द हवा, नाहीतर दप्तरी नोंदलेले पुस्तक काढण्याची जोखीम तो का घेईल?

ग्रंथपाल निदान करत नाही, औषध सुचवत नाही आणि ‘माझ्या भावालाही हेच झाले होते’ असे सांगत बसत नाही. तो मजकूर शोधून देतो, तो कोणी आणि कधी लिहिला ते दाखवतो आणि डॉक्टरला विचारायचे प्रश्न लिहून काढायला मदत करतो. आकडी, क्षय, वंध्यत्व किंवा मनाचा आजार यांविषयी गावात उघड विचारणे कठीण असते, कारण टेबलापलीकडे बसलेला माणूस बहुधा भावकीतलाच निघतो. म्हणून आरोग्याची मांडणी नोंदवहीच्या टेबलापासून दूर ठेवावी, तिथल्या पत्रिका सही न करता नेता याव्यात आणि ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच भिंतीवर ठळक लिहिलेला असावा.