'तंबाखू' शब्दाचे मूळ

पावस व रत्नागिरीच्या परिसरात 'काजू' आणि 'हापूस' हे शब्द इतके घरचे झाले आहेत की, ते परके असल्याची शंकाही येत नाही. प्रत्यक्षात दोन्ही शब्द पोर्तुगीजांबरोबर आले. काजू हे ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतील नाव, तर हापूस हे 'अफोन्सो' या व्यक्तिनामाचे मराठी रूप. 'तंबाखू' हा शब्दही असाच समुद्रमार्गे आलेला आहे.

इ. स. १४९२ मध्ये कोलंबसाच्या सहकाऱ्यांनी क्यूबा बेटावर तेथील लोकांना पानांची सुरळी पेटवून ओढताना पाहिले. कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतून 'ताबाको' हा शब्द स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत आला, असे सामान्यतः मानले जाते. सोळाव्या शतकातील लेखकांपैकी ओव्हिएदो याच्या मते ते धूर ओढण्याच्या नळीचे, तर लास कासास याच्या मते पानांच्या सुरळीचे नाव होते. म्हणजे मुळात हे वनस्पतीचे नाव नव्हतेच.

'ताबाको'चे फारसीत 'तंबाकू' आणि मराठीत 'तंबाखू' किंवा 'तमाखू' झाले. पोर्तुगीजांनी आणलेला हा पदार्थ दख्खनमध्ये लवकरच रुळला. १६०४ च्या सुमारास असद बेग याने तो विजापूरहून अकबराच्या दरबारी नेला. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने त्यावर बंदी घातली. परंतु व्यसन हटले नाही.

उत्तरकालीन संस्कृत सुभाषितांत 'तमाखु' हा शब्द आढळतो. त्यावरून तंबाखू प्राचीन भारतीय असल्याचा समज काही ठिकाणी आहे. तो निराधार आहे. चरकसंहितेत औषधी धूमपानाचे वर्णन आहे, पण त्यातील द्रव्यांत तंबाखू नाही. 'तमाखु' हे परक्या शब्दाला दिलेले संस्कृत रूप होय.

'विडी'ची गोष्ट मात्र उलट आहे. हा शब्द संस्कृत 'वीटिका'पासून, म्हणजे 'विडा' याच कुळातून आला. देवापुढे ठेवल्या जाणाऱ्या विड्याशी तंबाखूचा मुळात काहीही संबंध नव्हता. नाव देशी राहिले, आतील द्रव्य तेवढे परके आले. त्यामुळे 'वाडवडिलांपासून चालत आलेले' म्हणून या व्यसनाचे समर्थन करणाऱ्यांना शब्दांचा इतिहास दुजोरा देत नाही.